फिल्म, व्हिडिओ, फोटोग्राफीचं कॉलेज: बघायला गेल्यावर नेमकं काय मोजायचं?

(चर्चेचा धागा. प्रत्येक प्रतिसादाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

रिकामी रीळ

शाळा संपवून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कॉलेज निवडायचं आहे. चाळणी लावून तीन प्रकार उरलेत. एक, तीन वर्षांची पदवी, ज्यात फिल्म, व्हिडिओ आणि फोटोग्राफी एकाच अभ्यासक्रमात आहेत. दोन, फिल्म स्कूल, जिथे प्रवेश घेतानाच दिग्दर्शन, सिनेमॅटोग्राफी, संकलन, ध्वनी यांतली एक शाखा धरावी लागते. तीन, निव्वळ फोटोग्राफीचा वर्षभराचा डिप्लोमा.

संकेतस्थळं बघून काहीच उलगडत नाही. सगळीकडे तोच हिरवा पडदा, खांद्यावर कॅमेरा घेतलेली तीच मुलगी, मोठ्या मिक्सरपुढे बसलेला तोच मुलगा. कॉलेजांची नावं सुचवू नका, याद्या ढिगाने मिळतात. प्रत्यक्ष गेल्यावर काय विचारायचं, काय मोजायचं आणि कशाला भुलायचं नाही, एवढं सांगा.

तिपाई

आधी ही तीन कामं वेगळी करून बघा, कारण तिन्हींत कॅमेरा असला तरी दिवस वेगवेगळे जातात.

फिल्म म्हणजे माणसांचं काम. लहानात लहान विद्यार्थी-फिल्मलाही दिग्दर्शक, कॅमेरा, ध्वनी, कला, निर्मिती असे सहा-आठ जण लागतात आणि दहा मिनिटांच्या फिल्मवर दोन-तीन महिने जातात. व्हिडिओ म्हणजे मुलाखती, माहितीपट, बातम्या, जाहिरात, कार्यक्रमांचं बहुकॅमेरा चित्रीकरण. एकदोन माणसं, घड्याळाशी शर्यत आणि चुकलं तर दुसरा टेक नाही. फोटोग्राफी बहुतांशी एकट्याने करायची, आणि तिची खरी परीक्षा एका चित्रात नसते, वीस चित्रांच्या क्रमात असते.

एकत्रित अभ्यासक्रम वाईट नसतो. नक्की काय करायचं हे ठरलेलं नसेल तर तोच बरा. फक्त एक विचारा: वाटा कुठल्या सत्रात फुटतात? पहिलं वर्ष सगळ्यांनी सगळं शिकणं ठीक. तिसऱ्या वर्षीही सगळे सगळंच शिकत असतील, तर बाहेर पडताना कुठल्याच एका कामात हात बसलेला नसतो.

मग तास मोजा. युरोपातल्या क्रेडिट पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला विद्यार्थ्याचे २५ ते ३० तास धरतात, घरचा अभ्यास त्यातच. म्हणजे ‘प्रकाशयोजना, ३ क्रेडिट’ याचा अर्थ एकूण ७५ ते ९० तास. त्यातले शिक्षकासमोर, दिव्यांना हात लावून किती, हे विचारल्याशिवाय कळत नाही. इतर देशांत हिशोब वेगळा असतो, पण प्रश्न हाच विचारायचा: क्रेडिट राहू द्या, हात लावायचे तास सांगा.

स्लेट

तिपाईंनी तास सांगितले, मी पाळ्या सांगतो. माझ्या मते कॉलेज निवडताना एकच आकडा कामाचा: शिक्षण संपेपर्यंत तुम्हाला हवं असलेलं काम तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळा कराल? बाकी सगळं याच आकड्याकडे जातं.

साधं गणित करू. तुकडीत ४० जण. पूर्ण संच ४. पूर्ण म्हणजे कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, ध्वनी आणि दिवे, सगळं एकाच वेळी बाहेर जाऊ शकेल असं. अंतिम फिल्मला चार दिवस शूटिंग, एक दिवस सामान तपासून परत करायला. म्हणजे एका संचाची एक फेरी पाच दिवसांची. वेळापत्रकात शूटिंगसाठी ३० दिवस राखले असतील तर ६ फेऱ्या, गुणिले ४, म्हणजे २४ फिल्म. उरलेले १६ जण काय करणार? त्यांना ‘क्रू’ म्हणून जोडून देतात. माहितीपत्रकात मात्र ‘प्रत्येक विद्यार्थी फिल्म करतो’ हेच वाक्य असतं, आणि ते खोटंही ठरत नाही.

हेच गणित संकलनाचं. एका फिल्मला आठ तासांच्या १५ पाळ्या धरल्या तर ४० फिल्मना ६०० पाळ्या. दहा मशीन दिवसाला दोन पाळ्या चालली तर ३० दिवस. लॅब संध्याकाळी सहाला कुलूप लावून बंद होत असेल तर ६०. तेव्हा लॅबमध्ये मशीन किती हे विचारताना ती किती वाजता बंद होते हेही विचारा. बंद व्हायच्या वेळेकडे कोणी लक्ष देत नाही आणि मग शेवटच्या सत्रात रडारड होते.

रिकामी रीळ

एका ठिकाणी ‘तीन वर्षांत पाच फिल्म’ असं सांगितलं. हे चांगलं धरायचं का?

स्लेट

पाच म्हणजे कुठल्या पाच, ते लिहून घ्या. बऱ्याचदा त्यात एक मूक मिनिटभराचा सराव, एक वर्गातल्या वर्गात केलेला संवादाचा सराव आणि एक गटाची फिल्म असते. सराव आवश्यकच आहे, त्याला फिल्म म्हणून मोजणं चूक.

कोष्टक मागा: प्रकल्पाचं नाव, लांबी, शूटिंगचे दिवस, गटात किती जण, कोण कुठलं काम करणार हे कसं ठरतं, खर्च कोण करतं. शेवटचे दोन रकाने बहुतेक रिकामे येतात. काम वाटायची पद्धत ठरलेली नसेल तर बोलकी मुलं दरवेळी दिग्दर्शक होतात आणि अबोल मुलं दरवेळी सामान वाहतात. नीट चालणाऱ्या ठिकाणी पाळी फिरती असते आणि ती सत्राच्या पहिल्याच आठवड्यात फलकावर लागते.

फ्लिकर

कॅमेरे कुठले आहेत हे कोणीच बोललं नाही अजून :)

तिपाई

मुद्दाम बोललो नाही. कॅमेरा चार वर्षं जुना असला तरी शिकायला काही बिघडत नाही. कॅमेऱ्याभोवतीचं सामान बघा, अडतं तिथे.

उदाहरणार्थ बॅटऱ्या. मोठ्या कॅमेऱ्याला लागणारी ९८ वॉट-तासांची बॅटरी घ्या. कॅमेरा, मॉनिटर आणि बाकी जोडणी मिळून ५० वॉट खात असेल तर ती दोन तासांच्या आतच संपते. दहा तासांच्या दिवसाला पाच-सहा लागतात. संचात दोनच असतील तर दुपारनंतर सगळं युनिट चार्जरकडे बघत बसतं. (अवांतर: ९८चा आकडा विमानामुळे आलाय. १०० वॉट-तासांवरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते.)

पुढे: एकाच मालिकेतल्या चार-पाच प्राइम लेन्स आहेत का? वेगवेगळ्या कंपन्यांच्या लेन्स एकत्र केल्या तर शॉट जोडताना रंग आणि कॉन्ट्रास्ट फिरतात. ट्रायपॉडला फ्लुइड हेड (कॅमेरा झटका न देता फिरवणारं डोकं) आहे का? एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणाऱ्या काचा) आहेत का? ते नसतील तर उन्हात शटर वाढवावं लागतं आणि हालचाल झटक्याझटक्याची दिसते. सी-स्टँड, प्रकाश अडवायचे काळे फ्लॅग आणि स्टँड पडू नयेत म्हणून ठेवायच्या वाळूच्या पिशव्या किती? दिवे दहा आणि वाळूच्या पिशव्या शून्य असं दिसलं तर तिथे प्रकाशयोजना शिकवणारं माणूस नाही, दिवे विकत घेणारं माणूस आहे.

फ्लिकर, तुमच्या नावावरूनच एक परीक्षा. कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा, ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी २४ फ्रेमवर शूट करताना ट्यूबलाइट लुकलुकली तर काय कराल? ‘शटर १/५० किंवा १/१०० करू’ असं पटकन उत्तर आलं तर तिथे पाया शिकवतात. ‘पोस्टमध्ये (म्हणजे शूटिंगनंतर संगणकावर) काढू’ असं आलं तर समजून घ्या.

बूमवाला

ध्वनी विभाग सगळ्यात शेवटी दाखवतात आणि तिथेच कॉलेजचा खरा चेहरा दिसतो.

शूटिंग फ्लोअरवर गेलात की मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळी विरून जायला हवी. ती झणझणत परत आली तर त्या फ्लोअरवर संवाद रेकॉर्ड करता येणार नाहीत, म्हणजे मुलं सगळं डब करणार किंवा घुमणारा आवाज घेऊन जाणार. मग वातानुकूलन बंद न करता शांत उभे राहा. जी घरघर तुम्हाला ऐकू येते तीच मायक्रोफोनलाही येते. ‘टेक घेताना एसी बंद करतो’ असं म्हणाले तर तो किती वेळ बंद ठेवता येतो आणि दिव्यांखाली खोली किती तापते, तेही विचारा.

सामानात काय हवं: शॉटगन मायक्रोफोन (लांबट, समोरचाच आवाज टिपणारा), घरातल्या जागांसाठी वेगळा लहान कार्डिऑइड किंवा हायपरकार्डिऑइड माइक, बूम पोल (माइक लावायची लांब काठी), वाऱ्यासाठी केसाळ कव्हर, दोन तरी कॉलर माइक, आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर वेगवेगळे ट्रॅक घेणारा स्वतंत्र रेकॉर्डर. शॉटगन माइक लहान कडक भिंतींच्या खोलीत वापरला की आवाज पोकळ येतो. म्हणून तो एकच माइक ज्यांच्याकडे आहे त्यांच्या सगळ्या फिल्म एकाच डब्यात बोलल्यासारख्या ऐकू येतात.

मिक्सिंगची खोली असेल तर ती कॅलिब्रेट कधी केली ते विचारा. सिनेमागृहासाठी पडद्यामागच्या प्रत्येक स्पीकरची पातळी पिंक नॉइज (चाचणीचा एकसारखा खरखराट) लावून ८५ डेसिबलवर बसवतात. हे न करता मिक्स केलेली फिल्म मोठ्या पडद्यावर एक तर कुजबुजते, नाही तर कानठळ्या बसवते.

आणि ध्वनीची शाखा स्वतंत्र नसली तरी ध्वनी शिकवणारं पूर्णवेळ माणूस आहे का? नसेल तर तिथल्या दिग्दर्शनाच्या शिक्षणाचंही वजन अर्धं धरा.

कातरी

+१. पोस्टबद्दल भर.

आधी साठवणूक. यूएचडी, २५ फ्रेम, प्रोरेस ४२२ एचक्यू या स्वरूपात सेकंदाला सुमारे ७३७ मेगाबिट जातात. म्हणजे मिनिटाला साधारण साडेपाच गिगाबाइट, तासाला सव्वातीनशेच्या वर. बारा मिनिटांची फिल्म, आठास एक या प्रमाणात शूट केली, तर ९६ मिनिटांचं फुटेज, सुमारे ५३० गिगाबाइट. प्रती तीन हव्यात: दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत. झाले १.६ टेराबाइट. स्लेटच्या ४० जणांच्या तुकडीला ६४ टेराबाइट. कॉलेजच्या सर्व्हरवर विद्यार्थ्यामागे किती जागा मिळते आणि फिल्म पूर्ण झाल्यावर किती महिने ठेवतात, हे विचारा. ‘हार्ड डिस्क मुलांनी आपापली आणायची’ हे उत्तर फार ठिकाणी येतं. चालतं तेही, पण मग निदान दोन डिस्कचा नियम सक्तीचा हवा. एका डिस्कवरची फिल्म म्हणजे अजून न हरवलेली फिल्म.

दुसरं, मॉनिटर. ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचे रंग जुळवायच्या, खोलीच्या भिंती तटस्थ राखाडी हव्यात, खिडकी झाकलेली हवी आणि मॉनिटर रेक ७०९ (टीव्हीसाठीचं रंगांचं प्रमाण), ६५०० केल्विन, १०० निट्सवर (उजळपणाचं माप) बसवलेला हवा. लाल-जांभळ्या रंगाची ‘क्रिएटिव्ह’ भिंत असलेली ग्रेडिंग रूम दाखवली तर हसू दाबा. डोळा भिंतीच्या रंगाशी जुळवून घेतो आणि चेहरे हिरवट वाटू लागतात, म्हणून मुलं त्यात आणखी मजेंटा घालतात.

तिसरं, फिल्मची डीसीपी, म्हणजे सिनेमागृहात दाखवायची डिजिटल प्रत, कोण करतं? महोत्सव हीच मागतात. आत जेपीईजी २००० चित्रं असतात, स्कोपसाठी २०४८ × ८५८, फ्लॅटसाठी १९९८ × १०८०. सगळ्या सिनेमागृहांत निर्धास्त चालणारी गती २४ फ्रेम. २५वर शूट केलेली फिल्म २४वर आणायची तर ती चार टक्के हळू होते आणि आवाजाची पट्टी उतरते, ती वेगळी सुधारावी लागते. हा निर्णय शूटिंगआधी घ्यायला लावणारं कॉलेज म्हणजे ज्यांच्या फिल्म बाहेर जातात असं कॉलेज.

अंधारखोली

फोटोग्राफीला इथे कोणी वाली दिसत नाही.

एकत्रित अभ्यासक्रमात फोटोग्राफी म्हणजे ‘पहिल्या सत्रात कॅमेऱ्याची ओळख’ एवढीच उरते. ती तशी आहे का हे ओळखायची एक खूण: तिथे प्रिंट दिसतात का? भिंतीवर, टेबलावर, ड्रॉवरमध्ये, कुठेही. पडद्यावरचं चित्र पुसून पुढे जाता येतं. प्रिंटवर सावलीतला तपशील गेला आहे की नाही हे दिसतं, कडा दिसतात, आणि दहा प्रिंट जमिनीवर मांडल्या की कुठलं चित्र क्रमात बसत नाही ते कोणाच्याही लक्षात येतं. प्रिंटवर चर्चा होत नसेल तर संपादन, म्हणजे कुठली चित्रं ठेवायची आणि कुठली टाकायची, हे शिकवलं जातच नाही. फोटोग्राफीचा निम्मा अभ्यास तोच असतो.

डिजिटल प्रिंटसाठी बघायच्या गोष्टी: पिगमेंट शाईचा प्रिंटर, त्यात वापरायच्या प्रत्येक कागदाचं वेगळं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदासाठी रंग जुळवणारी फाइल), आणि प्रिंट तपासायला ५००० केल्विनचा दिवा. मॉनिटर फार उजळ ठेवला की प्रिंट काळपट येते आणि मुलं प्रिंटरला दोष देतात. १०० निट्सच्या आसपास आणला की निम्म्या तक्रारी संपतात.

स्टुडिओत निदान तीन फ्लॅश हेड, मोठा सॉफ्टबॉक्स, ग्रिड, हातात धरायचं लाइट मीटर आणि कॅमेऱ्यातून थेट संगणकावर चित्र आणायची केबल हवी. ४×५ इंचांचा मोठा कॅमेरा असेल तर उत्तम. लेन्सची किंवा फिल्मची पाटी वर-खाली, तिरपी करून इमारतीच्या उभ्या रेषा सरळ कशा ठेवायच्या आणि फोकसची पातळी कशी फिरवायची, हे त्यावर हाताने कळतं. सॉफ्टवेअरमधून तेच करताना काय होतंय याचा पत्ता लागत नाही.

डार्करूम असेल तर चालू आहे का बघा. दाखवायची डार्करूम आणि चालती डार्करूम वासावरून कळते. चालतीत फिक्सरचा (प्रिंट पक्की करणाऱ्या रसायनाचा) वास असतो, पण नाक झोंबण्याइतका नाही. हवा ट्रेच्या मागून खेचून बाहेर जायला हवी. पंखा डोक्यावर असेल तर वाफ आधी चेहऱ्याकडे येते, मग बाहेर जाते. वापरलेला फिक्सर कुठे जातो हे विचारा, त्यात चांदी उतरलेली असते, तो गटारात ओतायचा नसतो. लाल दिव्याची परीक्षा तर कोणीही करू शकतं: अंधारात फोटो कागदावर नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्यायचं आणि कागद डेव्हलप करायचा. नाण्याचा गोल उमटला तर तिथे निघणाऱ्या सगळ्या प्रिंट धुरकट येत असणार.

पाळ्यांचं गणित इथेही लागू. एक चांगली प्रिंट, म्हणजे चाचणी पट्ट्या, कामचलाऊ प्रिंट, डॉजिंग-बर्निंग (काही भाग उजळ, काही गडद) करून अंतिम, नवशिक्याला अडीच-तीन तास घेते. फायबर कागद असेल तर धुलाई वेगळी. वीस जणांत तीन एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणारी यंत्रं) असतील तर सत्रात वाट्याला किती प्रिंट येतील ते तुम्हीच काढा.

फ्लिकर

पण आजच्या काळात डार्करूम आणि फिल्मरीळ हवंच कशाला? हा नुसता हळवेपणा वाटतो.

अंधारखोली

हवंच असं नाही. पण रोल ३६ चित्रांचा असतो, एवढ्याने मुलं शटर दाबायच्या आधी बघायला लागतात.

स्लेट

सिनेमाच्या बाजूने आकडा देतो. १६ एमएमचा ४०० फुटांचा रोल २४ फ्रेमवर जेमतेम ११ मिनिटं चालतो. ३५ एमएमचा तेवढाच रोल साडेचार मिनिटंही नाही. म्हणून रीळ वापरणाऱ्या ठिकाणी तालीम होते, शॉट कागदावर मोजला जातो. मात्र हीच शिस्त डिजिटलवरही लावता येते: एका प्रकल्पाला एकच कार्ड आणि पुसायला बंदी. तेवढ्यासाठी रीळ असलेलंच कॉलेज निवडू नका. आणि ‘आमच्याकडे रीळ आहे’ म्हणणाऱ्यांना विचारा, विद्यार्थ्यामागे किती फूट देता, प्रोसेसिंग कुठे होतं, किती दिवसांनी परत येतं. दोन महिन्यांनी रशेस (शूट केलेलं कच्चं फुटेज) दिसत असतील तर चूक कुठे झाली हे आठवतसुद्धा नाही.

कातरी

फिल्मरीळावर मी फ्लिकरच्या बाजूने. त्यापेक्षा तो पैसा ध्वनीत घाला.

बूमवाला

कातरींचा हा प्रतिसाद फ्रेम करून लावणार.

हजेरीपट

शिक्षकांबद्दल. पाहुण्या शिक्षकांची लांबलचक यादी वाचून हुरळू नका. दोन दिवसांची कार्यशाळा चांगलीच, पण चूक दुरुस्त होते ती दुसऱ्या आठवड्यात तोच माणूस परत आल्यावर. पूर्णवेळ किती आणि ते आठवड्याला किती तास शिकवतात, हे विचारा.

कामावरच्या चर्चेला, क्रिटिकला, किती वेळ ठेवलाय ते वेळापत्रकात शोधा. वीस जण आणि दोन तास म्हणजे माणशी सहा मिनिटं. सहा मिनिटांत ‘छान आहे, प्रकाश बघ’ यापलीकडे काही होत नाही. पंधरा मिनिटांना पाच तास लागतात, म्हणजे अख्खा दिवस. जिथे तो दिवस राखलेला असतो तिथे एकदा मागे बसू देतात का विचारा. बसू दिलं तर शिक्षक काय बोलतो त्यापेक्षा मुलं एकमेकांच्या कामाबद्दल काय बोलतात ते ऐका. बोलतच नसतील तर तेही ऐकलंत म्हणायचं.

कॉलेजच्या वयाला आणि प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांच्या फोटोंना मर्यादित किंमत द्या. जुन्या फिल्म स्कूलच बघा: मॉस्कोची व्हीजीआयके १९१९ची, प्रागची फामू १९४६ची, पुण्याची एफटीआयआय १९६०ची. पण भिंतीवरचे फोटो वीस-तीस वर्षांपूर्वीच्या शिक्षकांचं यश सांगतात. तुम्हाला शिकवणारे आत्ताचे. म्हणून गेल्या तीन वर्षांतल्या विद्यार्थ्यांच्या फिल्म मागा.

‘सिलेक्ट’ ही फिल्म स्कूलची आंतरराष्ट्रीय संघटना १९५०च्या दशकात फ्रान्समधल्या कान इथे स्थापन झाली. तिचं सदस्यत्व असणं चांगली खूण, नसणं मात्र वाईट खूण धरायची नाही. निव्वळ फोटोग्राफीच्या संस्था त्यात शोधू नका. पुढे पदव्युत्तर शिक्षण किंवा शिक्षकाची नोकरी डोक्यात असेल तर पदवीला मान्यता आहे का हे तपासणं भाग आहे. कॅमेरा, संकलन, ध्वनी या कामांसाठी काम देणारा आधी शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) बघतो.

रिकामी रीळ

विद्यार्थ्यांच्या फिल्म मिळाल्या समजा. आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने त्या बघून काय ओळखायचं?

स्लेट

चांगली-वाईट ठरवत बसू नका. दहा फिल्म ओळीने बघा आणि सगळ्यांत सारखी असलेली चूक शोधा. एकाच फिल्ममधली चूक ही विद्यार्थ्याची असते. दहाही फिल्ममधली चूक कॉलेजची.

सगळे संवाद घुमतात: बूम नाही, किंवा बूम धरायला शिकवलेलं माणूस नाही. एकाच प्रसंगात चेहऱ्याचा रंग शॉटगणिक बदलतो: सेटवर व्हाइट बॅलन्स आणि पोस्टमध्ये ग्रेडिंग, दोन्ही पोरकं. सगळ्या फिल्म होस्टेलच्या खोलीत, जिन्यात नाही तर गच्चीवर घडतात: बाहेर शूटिंगच्या परवानग्या, वाहतूक, विमा यांत कॉलेज मदत करत नाही. प्रत्येक पात्र वीस-बावीस वर्षांचं: नटांशी कॉलेजचा काही संबंध नाही, मुलं एकमेकांना उभं करतात. संवाद कळत नाहीत म्हणून सगळीकडे सारंगी किंवा पियानो: ध्वनीला वेळच उरला नव्हता.

मग शेवटची श्रेयनामावली थांबवून वाचा. कॅमेरा आणि ध्वनी यांपुढे बाहेरच्या व्यावसायिकांची नावं वारंवार येत असतील तर ती कामं तिथे शिकवली जात नाहीत, विकत घेतली जातात. तेच तीन विद्यार्थी सगळ्या फिल्मचे सिनेमॅटोग्राफर असतील तर पाळी फिरत नाही. आणि बारकाईने, ‘फोकस’, ‘बूम’, ‘स्क्रिप्ट कंटिन्युइटी’ अशी श्रेयं आहेत का बघा. ती असतील तर सेटवर कामं खरंच वाटलेली होती.

फक्त दाखवायच्या निवडक पाच फिल्म देऊ नका म्हणावं, एका तुकडीच्या सगळ्या द्या म्हणावं. सगळ्या द्यायला जे कचरतात त्यांचं उत्तर तिथेच मिळालं.

तिपाई

भेटीचा क्रम उलटा ठेवा. स्वागतकक्षातून स्टुडिओ, स्टुडिओतून सभागृह असं फिरवतात. तुम्ही आधी सामानाच्या खोलीत जा, जिथून कॅमेरे दिले-घेतले जातात. तिथला माणूस सगळ्यात खरं बोलतो.

त्याला विचारायचं: आज दुरुस्तीला काय काय गेलंय? कधीपासून? संच बुक करायला किती दिवस आधी सांगावं लागतं? सामान घेताना तपासायला वेळ देता का? खिडकीतून पिशवी पुढे सरकवली आणि सही घेतली, असं असेल तर आधीच्याने पाडलेला ओरखडा उद्या तुमच्यावर येतो. नीट ठिकाणी लेन्सची काच, माउंट, फोकस चार्ट, कार्ड, केबल हे सगळं दोघांनी मिळून तपासतात आणि यादीवर दोघांच्या सह्या होतात.

वेळही महत्त्वाची. प्रवेशाच्या खुल्या दिवशी सगळं पुसूनपासून मांडलेलं असतं. सत्राच्या शेवटच्या महिन्यात, साध्या दिवशी, संध्याकाळी जा. बुकिंगचा फलक तेव्हा खरा दिसतो.

हजेरीपट

लपलेल्या खर्चाची यादी वेगळी मागा, शुल्कात हे बहुधा नसतं: नटांचं जेवणखाण आणि प्रवास, जागेचं भाडं, सेट आणि कपडे, हार्ड डिस्क, प्रिंटचा कागद आणि शाई, सॉफ्टवेअरची वर्गणी, महोत्सवांचं प्रवेशशुल्क, सामानाची अनामत. कॉलेज फिल्ममागे ठरावीक रक्कम देतं का? देत असेल तर सगळ्यांना सारखीच का? आणि स्वतःचे पैसे वर घालायला मर्यादा आहे का? मर्यादा नसेल तर वर्गात दोन वर्ग पडतात, श्रीमंत फिल्म आणि गरीब फिल्म.

हक्कांचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. ज्यांनी पैसा दिला त्या कॉलेजकडे फिल्मचे हक्क असणं हे अनेक ठिकाणी रूढ आहे, त्यात लबाडी नाही. पण शोरीलमध्ये वापरायची मुभा, महोत्सवांना कोण पाठवणार, बक्षिसाची रक्कम कोणाची, किती वर्षांनी हक्क परत येतात, हे लिहिलेलं हवं. कान महोत्सवात १९९८पासून फिल्म स्कूलमधल्या फिल्मसाठी स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी फिल्म पाठवायची व्यवस्था बघणारं माणूस कॉलेजात आहे का, की ज्याचं त्याने बघायचं? फोटोंचंही तसंच: कॉलेजने तुमची चित्रं जाहिरातीत वापरली तर नाव देणार का?

संगीताबद्दल एक ओळ: आवडतं गाणं घालून केलेली फिल्म वर्गात चालते, बाहेर कुठेच जात नाही. हे पहिल्या वर्षी सांगतात की शेवटच्या, यावरून कॉलेजचा अंदाज येतो.

फ्लिकर

मग एवढ्या भानगडीपेक्षा थेट कोणाच्या तरी हाताखाली लागलेलं बरं नाही का?

कातरी

संकलन आणि कॅमेरा सहायक यांना ती वाट जुनीच आहे. तिथे वेग येतो, शिस्त येते. चुकायची मुभा मात्र मिळत नाही, आणि स्वतःचं काम हातात यायला वर्षं जातात. कॉलेज म्हणजे चुकायला विकत घेतलेला वेळ. तो वेळ वरच्या गणितात बसत नसेल तर हाताखाली लागणं बरं, खुशाल.

रिकामी रीळ

शेवटचा प्रश्न, प्रवेशासाठीच्या पोर्टफोलिओबद्दल. किती आणि काय पाठवायचं?

अंधारखोली

मर्यादा वीस चित्रांची असेल तर बारा चांगली पाठवा. कच्चं तेरावं चित्र आधीच्या बाराची किंमत उतरवतं. एकाच विषयावरची सहा-आठ चित्रांची मालिका त्यात हवी. सूर्यास्त, मांजर, म्हातारा चेहरा, पुन्हा सूर्यास्त असं विखुरलेलं नको. सहावं चित्र पाचव्याच्या शेजारी का ठेवलं, हे मुलाखतीत विचारतात. त्याचं उत्तर तयार ठेवायचं म्हणजे पाठ करायचं नाही, क्रम लावताना खरंच विचार केलेला असला की पुरतं. फिल्टर मारून सगळ्यांना एकच रंग देऊ नका. तो रंग काढून टाकल्यावर काय उरतं ते बघायला परीक्षक बसलेले असतात.

स्लेट

फिल्मसाठी: तीन मिनिटांची एक, तीस सेकंदांच्या शोरीलपेक्षा बरी. पहिल्या वीस सेकंदांत नावं आणि ड्रोन शॉट घालू नका, परीक्षक एका बैठकीत पन्नासेक फिल्म बघतो. गटाने केलेली असेल तर तुमचं काम नेमकं काय होतं ते एका ओळीत लिहा: ‘लेखन आणि संकलन माझं, कॅमेरा मित्राचा.’ मित्राचा कॅमेरा आपल्या नावावर दाखवला आणि मुलाखतीत ‘ही लेन्स किती मिलिमीटरची?’ असा साधा प्रश्न आला, की गाडी तिथेच थांबते.

बूमवाला

आणि दुवा पाठवण्याआधी ती फाइल दुसऱ्याच्या फोनवर, हेडफोन लावून, अख्खी ऐका. एकाच कानात आवाज येणाऱ्या फिल्म दरवर्षी ढिगाने येतात. रेकॉर्डरचा एकच ट्रॅक स्टिरिओच्या डाव्या बाजूला टाकलेला असतो, त्याला मोनो करून मध्ये आणायला दहा सेकंद लागतात.